चौदा गुण

कोलकात्याला पोस्टिंग असताना माझ्या ऑफिसात एक दफ्तरी होते. वय अठ्ठावन्नच्या पुढे, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. फायली आणून ठेवायच्या, सही झालेल्या उचलायच्या, आणि कामापुरतं बोलायचं, तेही तोंडावर हात धरून. समोरचे दात नव्हते. एका सोमवारी ते आले आणि चक्क हसले. वरची-खालची पूर्ण कवळी.

"दादा, किती खर्च आला?" मी विचारलं. बंगालमध्ये वयाने मोठ्या माणसाला दादा म्हणायची सवय लागते, आणि आम्हा सातारकरांना ती लावून घ्यावी लागत नाही.

त्यांनी सांगितलेला आकडा इतका लहान होता, की मला वाटलं एक शून्य राहिलं. "आर. अहमद," ते म्हणाले. सियालदहच्या बाजूला असलेलं सरकारी दंत महाविद्यालय. सकाळी लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं, तिकीट काढायचं, आणि पुढचे दोन महिने बोलावतील तेव्हा जायचं. "पैसा लागत नाही साहेब, वेळ लागतो."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मला त्याची गरजच नव्हती. फौजेत दातांचा खर्च हा विषयच नसतो. आमचं आर्मी डेंटल कोअर १ फेब्रुवारी १९४१ रोजी उभं राहिलं, आणि तेव्हापासून जवानाचे दात ही सरकारची जबाबदारी आहे. मी आसामात असताना, काश्मीरात असताना, कुठेही असलो तरी दाढ दुखली की चिठ्ठी घ्यायची, मिलिटरी डेंटल सेंटरला जायचं, खुर्चीत बसायचं. बायकोचं रूट कॅनॉल असंच झालं. मुलीची दाढ असाच एक मेजर भरून गेला, आणि वर तिला चॉकलेट खाण्यावरून दम देऊन गेला. वीस-बावीस वर्षांत दाताचं बिल म्हणून कागद माझ्या हातात आलेला नाही.

तो आला २०२३ च्या दिवाळीत, गावी.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता नाहीत. आई धाकट्या भावाकडे असते, म्हणजे आमच्याच घरी. धाकटा शेती बघतो, दोन संकरित गाई आहेत. त्या वर्षी पाऊस रुसलेला होता, पण दिवाळीचं सगळं झालं होतं. भावजयीने चकल्या केल्या होत्या, कडबोळी केली होती. माझ्या पुढ्यात ताट आलं तेव्हा मी म्हणालो, तूही बस. बसली. आणि मी पाहिलं, की स्वतः केलेली चकली ती चहात बुडवून, मऊ करून, उजव्या गालात घोळवत खातेय. भाकरीचंही तेच. दुधात कुस्करून.

आईची गंमत याच्या उलट. आईने कडबोळं कडाकड चावलं. तिला नवी कवळी मिळाली होती, साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून. वडिलांच्या मागे आईला कौटुंबिक पेन्शन आहे, त्यामुळे माजी सैनिकांच्या त्या योजनेचं कार्ड आहे. ही योजना २००३ साली आली, आणि आमच्याकडे गावागावांत त्या कार्डाने म्हाताऱ्यांचं म्हातारपण सोपं केलंय.

"किती खेपा झाल्या गं?" मी आईला विचारलं.

"पाच. हीच न्यायची की मला. माप द्यायला, परत माप द्यायला, मग मेणातलं बघायला." मग आईचा आवाज खाली आला. "तिचाच गाल सुजलेला असायचा रे. पदर लावून बसायची बाहेर. माझं तोंड उघडून बघायचे, आणि ही बाहेर लवंग धरून. मला ती कवळी घालायची लाज वाटाय लागली."

तिथल्या डॉक्टरांनी एकदा आपणहून भावजयीचं तोंड बघितलं होतं. दोन दाढांचं रूट कॅनॉल लागेल, लवकर करा, असं सांगितलं. पण करणार कसं? तिचं नाव कुठल्याही कार्डावर नाही. सासू अवलंबित, सून नाही. नियम आहे, आणि नियमाशी माझं भांडण नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. फक्त ती रेघ आमच्या घरात, एका बाकावरून जाते हे मला माहीत नव्हतं.

तोच नियम मला मात्र एकदा पावलेला आहे. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत दातांना गुण असतात. पुढच्या दातांना आणि उपदाढांना जोडीमागे एक, मोठ्या दाढांना दोन. वरचा आणि खालचा समोरासमोर असेल तरच तो धरायचा, कारण एकटा दात चावत नाही. बत्तीसच्या बत्तीस नीट असतील तर बावीस गुण, आणि पास व्हायला किमान चौदा. १९९७ साली माझ्या दोन दाढा किडलेल्या होत्या. वडील तेव्हा नोकरीत होते. त्यांनी मला खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलला नेलं, आणि तिथे एका कॅप्टन बाईंनी दोन्ही भरून दिल्या. फुकट. हवालदाराचा मुलगा म्हणून. धाकटाही तेव्हा सोबत आला होता, त्याचाही एक दुधाचा दात काढला होता. त्याच कार्डावर. पुढे मी खडकवासल्याला गेलो आणि मला माझं स्वतःचं कार्ड मिळालं. तो शेतात गेला, त्याचं लग्न झालं, आणि त्याचं कार्ड संपलं.

त्या दुपारी मी भावजयीला ओसरीवर उजेडात बसवलं आणि मोबाइलची बॅटरी लावून तिचे दात मोजले. तिला फार संकोच वाटला. थोरला दीर, त्यात कर्नल, तोंडात बॅटरी मारतोय. आई शेजारी बसली म्हणून ती तयार झाली. अक्कलदाढा आलेल्याच नव्हत्या. उजवीकडची खालची एक मोठी दाढ थोरल्याच्या बाळंतपणानंतर काढून टाकलेली. डावीकडे खालची एक आणि वरची एक, दोन्ही काळ्या, पोकळ. जोड्या लावून हिशोब केला. बारा. चौदाला दोन कमी. वय चौतीस.

दातांच्या मुळाशी काळपट रेघ होती. मी काही बोललो नाही, पण तीच म्हणाली, "मिसरी लावते दादा. ठणका मारतो ना रात्रीचा, तेवढी लावली की बधिर होतंय." आमच्याकडच्या बायकांना तंबाखूची सवय लागते ती अशी. शौक म्हणून कुणी सुरू करत नाही. दाढ दुखते, डॉक्टर परवडत नाही, मिसरी दहा रुपयांत मिळते. मग दाढ राहते आणि मिसरीही राहते.

संध्याकाळी गोठ्यात धाकट्याला गाठलं. जरा आवाज चढवूनच विचारलं, तुला दिसत नाही का?

तो धार काढत होता. मान वर न करता म्हणाला, "दिसतंय की. नेलंय तिला मी." आणि खिशातल्या पाकिटातून घडी घातलेला कागद काढून दिला. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्याचा. दोन रूट कॅनॉल, त्यावर दोन कॅप, पंधरा हजार. काढलेल्या दाढेच्या जागी तीन दातांचा ब्रिज, साडेदहा हजार. तिची एक आणि पोरांच्या तीन दाढा भरायच्या, बत्तीसशे. एकूण अठ्ठावीस हजार सातशे. कागदावर तारीख आठ महिन्यांपूर्वीची. घडीवर तो फाटायला आला होता.

डॉक्टरने लुबाडायला हे लिहिलं होतं असं मी म्हणणार नाही. खुर्ची, एक्स-रे, साहित्य, लॅबचं बिल, त्यालाही पोट आहे. पण धाकट्याचा हिशोब ऐका. त्या दिवाळीत दुधाला लिटरमागे सत्तावीसच्या आसपास मिळत होते. दोन गाईंचं मिळून दिवसाला अठरा लिटर. म्हणजे बायकोचे आणि पोरांचे दात म्हणजे दोन महिन्यांचं सगळं दूध, पेंड आणि चारा वजा न करता. "दोन महिनं गाईंनी काय खायचं ते सांग," तो म्हणाला.

मी म्हणालो, मी देतो.

"नको."

"अरे का नको?"

"मोटर जळली तवा तू दिलंस. आईच्या डोळ्याला कार्ड होतं, पण येणं-जाणं तूच दिलंस. आता दातालाबी तूच. दादा, एक दिवस ती मला म्हणंल, तुम्ही काय केलं माझ्यासाठी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा नोकरदार भावांना हे कळायला वेळ लागतो. पैसे द्यायचे असतात, ते आपण ऐटीत देतो, आणि घेणाऱ्याचा चेहरा बघत नाही.

मग मला सुचला विमा. पैसे देणं त्याला नको, तर पॉलिसी काढून देऊ, भाऊबीज म्हणून. आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक विमा एजंट असतो, तसा आमच्यातही एक चुलतभाऊ आहे. त्याला फोन केला. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, काढायची तर काढ, हार्टबिर्टला उपयोगी पडेल, पण दातासाठी काढत असशील तर पैसे वाया. साध्या आरोग्य विम्यात दाताचा खर्च बसतो तो सहसा अपघात होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर. किडलेल्या दाढेसाठी कुणी भरती होत नाही. सरकारी योजनेच्या कार्डाचंही तेच. जबड्याचं हाड मोडलं, तोंडात गाठ झाली, तर ते धावून येईल. रूट कॅनॉलला नाही. म्हणजे दात पुरता सडून, पू गळ्याकडे उतरून, माणूस आडवा झाला की मग व्यवस्था जागी होते. त्याआधी पाच-सात हजारांत वाचणारी दाढ ज्याची त्याने बघायची.

रात्री झोप येईना तेव्हा ते दफ्तरी आठवले. पैसा लागत नाही साहेब, वेळ लागतो.

ते 'आर. अहमद' म्हणजे डॉ. रफीउद्दीन अहमद. कोलकात्यात असताना उत्सुकतेपोटी मी त्यांच्याबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत दंतवैद्यक शिकून आलेला हा माणूस. १९२० साली त्यांनी कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं, आणि त्याला पैसा उभा केला तो 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवून. गोड सोडा विकून दातांचं कॉलेज! १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. दंतवैद्यांनी हा विनोद कधी केला असेल की नाही माहीत नाही, मी मात्र डेंटल सेंटरच्या खुर्चीत बसून केला, आणि मेजरसाहेबांनी भूल न देताच ड्रिल सुरू करायची धमकी दिली.

पण दंत महाविद्यालयाचा मुद्दा खरा आहे, आणि तो शेजारीपाजारी कुणाला ठाऊक नसतो. डॉक्टरकीचा विद्यार्थी प्रेतावर शिकू शकतो. दाताचा विद्यार्थी सुरुवातीला प्लास्टरच्या आणि प्लास्टिकच्या दातांवर शिकतो, पण नंतर त्याला जिवंत तोंड लागतं. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या, असा ठरलेला कोटा पुरा केल्याशिवाय त्याचं वर्ष पुरं होत नाही. म्हणून प्रत्येक दंत महाविद्यालयाला ओपीडी चालवावी लागते, आणि तिथे माणूस यावा म्हणून दर कमी ठेवावे लागतात. सरकारी असो वा खासगी. तुम्ही तिथे गेलात तर उपकार मागायला गेलेले नसता. त्यांनाही तुम्ही हवे असता.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. आमच्या गावाला तिन्ही सारखीच निरुपयोगी. अकरा-बारा खेपा कोण घालणार? पण आमच्या बाजूला एसटीने दीड तासावर एक खासगी कॉलेज आहे. धाकट्याला सकाळी मी एवढंच सांगितलं, की हे तुझ्या पैशात होईल, पण वेळ द्यावा लागेल. तो विचार करून म्हणाला, "वेळ हाय."

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. मुद्दाम साध्या कपड्यांत, आणि ओळख न सांगता. केसपेपर काढला, एक्स-रे झाला, आणि मग आम्ही एका लांबलचक दालनात गेलो. तिथे ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक आडवा माणूस आणि त्याच्यावर वाकलेली विशी-बाविशीची मुलं. मधून फिरणारे सर. एनडीएच्या वेपन ट्रेनिंगची आठवण झाली. तिथेही असंच, शिकणारा घाबरलेला, आणि उस्ताद मागे उभा. भावजय माझ्या कानात म्हणाली, "दादा, ही पोरगी आपल्या थोरल्याएवढीच दिसती." मीही मनातून चरकलो होतो. पण पोकळ दाढांचं काम शिकाऊ पोरांकडे नव्हतंच. ते पुढचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांकडे गेलं, आणि प्रत्येक टप्प्याला सर येऊन बघून गेल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. खासगीत जे काम दोन बैठकांत उरकतं, त्याला इथे पाच लागल्या. एका तऱ्हेने तेवढे जास्त डोळे त्या दाढेवरून फिरले.

मी ड्युटीवर परतलो. पुढचं सगळं फोनवर ऐकलं.

तो फोनवरचा भाग सोपा नव्हता. वेळ फुकट असतो असं दफ्तरींनाही म्हणायचं नव्हतं. भावजयीने एकूण अकरा खेपा घातल्या. त्या वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याचा आधार झाला. पण सकाळची धार धाकट्याला एकट्याला काढावी लागायची, दुपारचा स्वयंपाक आईवर यायचा, आणि दोनदा तर ती पोचली तेव्हा कळलं, की आज सर रजेवर आहेत. परत या. एकदा ती वैतागून म्हणाली, बास झालं, काढूनच टाका. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला अकरा दिवस मजुरी बुडवणं जमलं नसतं, हेही मला दिसतं. आमचं जमलं कारण घरात गाय होती, सासू होती आणि नवऱ्याला धार येत होती.

ब्रिज काही केला नाही. तिथेही तो महाग पडत होता. त्याऐवजी काढघाल करायचा एक दात बसवला, रात्री काढून वाटीत ठेवायचा. दोन रूट कॅनॉल, दोन कॅप, तो दात, आणि पोरांच्या दाढा, सगळं मिळून चार हजार तीनशे. एसटी वेगळी. धाकट्याने दुधाच्या पगारातून तीन हप्त्यांत भरले.

भावजयीची एक दाढ मात्र त्यांनी मुद्दाम भरली नाही. उजवीकडची वरची. त्याची गोष्ट अशी. शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेत रुग्णाची दाढ भरून दाखवावी लागते, आणि त्यासाठी किड अगदी हवी तशी, हव्या त्या जागी, ना फार खोल ना फार उथळ, अशी लागते. मुलं तशी किड महिनोन्महिने शोधत असतात. भावजयीच्या त्या दाढेत ती निघाली. एका मुलीने ती बघितली आणि तिचा हात धरून म्हणाली, "काकू, ही दुसऱ्या कुणाला देऊ नका. माझी परीक्षा आहे."

त्यानंतर त्या मुलीचे फोन सुरू झाले. काकू, दुखत नाही ना? काकू, तोपर्यंत दुसरीकडे भरू नका हं. काकू, मिसरी बंद करा, नाहीतर परीक्षक बघतील. आम्ही सगळ्यांनी सांगून जे झालं नव्हतं ते त्या परीक्षेपायी झालं. निदान परीक्षेपर्यंत तरी मिसरीचा डबा वरच्या फळीवर गेला. परीक्षेच्या दिवशी पोरीने स्वतःच्या पैशाने येण्या-जाण्याचं भाडं दिलं, सकाळी साडेसहाला स्टँडवर घ्यायला आली, नाश्ता दिला. पदर गालाला लावून बाकावर बसणारी बाई त्या दिवशी नवी साडी नेसून गेली होती. "तिचे हात थरथरत होते," भावजय फोनवर सांगत होती, "मग मीच तिला म्हटलं, घाबरू नको बाळ, मला काही दुखत नाही. थोडं दुखत होतं."

मुलगी पास झाली.

मागच्या सुट्टीत मी पुन्हा हिशोब केला, या खेपेला बॅटरीशिवाय, नुसतं विचारून. डावीकडच्या दोन्ही जोड्या परत लागल्या, म्हणजे सोळा. काढघालीचा दात आमच्या वैद्यकीय मंडळाने धरला असता की नाही, ते सोडून द्या.

धाकट्याचं तोंड मी अजून बघितलेलं नाही. त्या कागदावर त्याचं नावच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. विचारलं तर म्हणतो, पेरणी होऊ दे. परवा फोनवर त्याचा आवाज जड येत होता. मी विचारलं, तोंडात काय आहे?

"काय न्हाय," तो म्हणाला. "लवंग हाय."